वीस किलोंची पेटी

माझा मोठा भाऊ आखातात नोकरीला निघाला, तेव्हा विमानातून माणसाला किती ओझं नेता येतं हे आमच्या अख्ख्या चाळीत फक्त मला ठाऊक होतं. मला त्याचा अभिमान होता. तो अभिमान पुढे महागात पडला आणि त्याची किंमत माझ्या भावाने मोजली.

आम्ही भिवंडीत कामतघरला राहायचो. बाबा लूमवर होते, बारा तासांची शिफ्ट. आई पडघ्याच्या पलीकडच्या खेड्यातली, तिची बोली शेवटपर्यंत तिकडचीच राहिली. दादाने आयटीआयमधून फिटरचा कोर्स केला होता आणि तो लूमच्या कारखान्यांतून दुरुस्तीची कामं करत हिंडायचा. मी मॅट्रिक होऊन टायपिंगच्या क्लासला जात होते. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, म्हणून दादाचा अर्ज मीच टाईप केला, आणि एजंटने दिलेला कागदही मीच वाचून दाखवला. त्यात कामाचं नाव 'फिटर' असं होतं आणि पुढे एक ओळ होती: हाताची हत्यारं स्वतःची आणावीत.

हत्यारं दादाकडे होती. पान्यांचा सेट, पाईप पाना, तीन-चार कानशी, हातोडी, छिन्न्या, गुण्या, कॅलिपर. एकेक वस्तू त्याने एकेका कामाच्या पैशांतून घेतलेली. चिंधीला तेल लावून तो ती पुसायचा, आणि आम्हाला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

आणीबाणी उठून वर्ष व्हायचं होतं. डिसेंबर महिना होता. एजंटचं ऑफिस एसटी स्टँडजवळच्या एका लॉजमध्ये होतं. पासपोर्ट आणि तिकीट त्याने आपल्याकडेच ठेवलं होतं. "एअरपोर्टवर हातात देऊ," असं तो सगळ्यांना सांगायचा. सामानाचं विचारलं तर म्हणायचा, "तीस किलो चलता है, कोई पूछता नहीं."

माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. मी बाबांना सांगून एक दिवस मुंबईला गेले आणि फोर्टात दादाला नेणाऱ्या विमान कंपनीचं ऑफिस शोधून काढलं. काचेचं दार होतं, आत गारवा होता. काउंटरवर निळ्या साडीतली एक बाई होती. मी पाठ करून नेलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, तशी तिने मला बसायला सांगितलं आणि मराठीतच बोलू लागली. ती चांगली वागली, हे मला सांगायलाच हवं.

"वीस किलो फुकट," ती म्हणाली. "त्याच्यावर जाईल त्याला किलोमागे पैसे. पहिल्या वर्गाच्या भाड्याचा एक टक्का, दर किलोला."

"पण माझा भाऊ खालच्या वर्गाने जाणार आहे."

"तरीसुद्धा. जादा वजनाचा आकार पहिल्या वर्गावरूनच काढतात."

मी ते तिला पुन्हा एकदा विचारलं. मला वाटलं, आपलं काहीतरी ऐकण्यात चुकतंय. प्रवास खालच्या वर्गाचा आणि दंड वरच्या वर्गाचा, असं कसं असेल? तिने नुसती मान हलवली. मग एका कागदाच्या पाठीवर तिने मला आणखी एक यादी लिहून दिली. वीस किलोंशिवाय अंगावर किंवा हातात जे नेता येतं, ते: एक ओव्हरकोट, एक छत्री किंवा काठी, बायकांची पर्स, लहान कॅमेरा, दुर्बीण, वाटेत वाचण्यापुरती पुस्तकं आणि तान्ह्या बाळाचं खाणं.

घरी येऊन मी यादी मोठ्याने वाचली. आई म्हणाली, "दुर्बिन कोनाकडं हाय? आनि बालाचा खाना कोन नेनार?"

दादा हसला. मी मात्र ओव्हरकोटाशी थांबले होते. कोट वजनात धरत नाहीत. मग कोटाच्या खिशात जे असेल तेही धरणार नाहीत, असा मी अर्थ लावला. तिने तसं म्हटलं नव्हतं. मी तिला विचारलंही नव्हतं.

आमच्या चाळीत एक म्हातारा सुताच्या गोदामावर रखवालदार होता. त्याच्याकडे खाकी, जाड, गुडघ्यापर्यंत येणारा कोट होता. बाबांनी तो चार दिवसांसाठी मागून आणला. "विमानात बसवून परत आणतो," असं त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं. दादा आत जाताना कोट आमच्याकडे कसा परत येईल, हा प्रश्न कुणाला पडला नाही. नंतर तो पडण्याची वेळच आली नाही. मी कोटाला आतून मांजरपाटाचे चार खिसे शिवले, दुहेरी टाके घालून.

सामान कशात न्यायचं यावरून एक वाद झाला होता. दादा म्हणत होता रेक्झिनची बॅग घेऊ. बाबांनी पत्र्याची पेटी आणली, नवीन, हिरव्या रंगाची. मी म्हटलं, "बाबा, रिकामी पेटीच पाच किलो भरेल."

बाबा म्हणाले, "भरू दे. माझ्या बापाने गावाची गाठोडी डोक्यावर वाहिली. आज ह्याच्या, उद्या त्याच्या. मजुरी काय, तर शिळी भाकर. माझा मुलगा परदेशात उतरेल तेव्हा त्याच्या हातात कुलूप लावलेली पेटी असेल."

पेटीवर पांढऱ्या रंगाने दादाचं नाव मी इंग्रजीत रंगवलं आणि त्याखाली थोड्या मोठ्या अक्षरांत 'फिटर'.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी बाबांच्या ओळखीने आम्ही पेटी सुताच्या गोदामात नेली. तिथे गोणी तोलायचा मोठा काटा होता. पेटी, त्यात अंथरूण, कपडे, बूट, आईने दिलेलं खाणं आणि जड हत्यारं. काटा बरोबर विसावर थांबला. उरलेली हत्यारं, तीन किलो भरतील एवढी, कोटाच्या खिशांत. दादाने कोट घालून दोन फेऱ्या मारल्या. गोदामातले हमाल बघत होते. दादा म्हणाला, "शाळेत शिकवतेस की काय तू? बरोबर वीस."

मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंटची मेटॅडोर आली. सात जण जाणार होते. बाकीचे गवंडी आणि मजूर होते, त्यांच्याकडे एकेक पिशवी आणि वळकटी. दर माणसामागे घरचं एक माणूस घेतो म्हणाले. दादाबरोबर बाबा आणि मी दोघं चढलो, कुणी काही बोललं नाही. आई चाळीच्या तोंडाशी उभी होती. ती रडली नाही. "भाकऱ्या आज खा, सुकट मागाहून खा," एवढंच म्हणाली.

विमानतळावर उतरल्यावर एजंटच्या माणसाने मेटॅडोरच्या मागून पुठ्ठ्याची सात खोकी काढली. सुतळीने करकचून बांधलेली. प्रत्येकाच्या पायाशी त्याने एकेक ठेवलं.

"ये सेठ का सामान है. उधर अपना आदमी आके ले जाएगा."

बाकीच्यांनी खोकी उचलली. त्यांच्या वजनात जागा होती. दादाने खोकं उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. "ह्यात सात-आठ किलो आहे. माझं वजन पूर्ण झालंय."

"तो अपना निकाल."

"माझं का काढू?"

त्या माणसाने तिकिटं वाटली होती, पण सातही पासपोर्ट त्याच्याच हातात होते, रबराने बांधलेले. तो चिडला नाही, आवाज चढवला नाही. "बक्सा जाएगा तो पासपोर्ट मिलेगा. नहीं तो अगले महिने देखेंगे," असं म्हणून तो दुसऱ्यांशी बोलू लागला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नियम मला माहीत होते ना. मी दादाला म्हटलं, "पेटीतली हत्यारं अजून कोटात घाल. कोट धरत नाहीत."

तिथे फरशीवर बसून आम्ही पेटी उघडली. पाईप पाना, हातोडी, छिन्न्या, सगळं कोटाच्या खिशांत कोंबलं. माझे मांजरपाटाचे खिसे ताणले. कोट दादाच्या अंगावर असा लोंबायला लागला की तो उभा राहिला तरी खांदे वाकलेले दिसत होते. डिसेंबर असला तरी मुंबईत काही थंडी नव्हती. त्याच्या कानशिलावरून घाम वाहत होता.

आमच्या पुढे एक कुटुंब होतं. नवरा, बायको, एक मोठी मुलगी, चामड्याच्या बॅगा. काट्यावर बॅगा चढल्या तेव्हा काउंटरवरचा तरुण इंग्रजीत म्हणाला की वजन बरंच जास्त आहे. नवरा हसून काहीतरी बोलला. मला एवढंच कळलं की तिकडे लग्न आहे. तरुणही हसला आणि बॅगांना चिठ्ठ्या बांधून मोकळा झाला. मी दादाच्या कानात म्हटलं, "बघ, माणूस बरा दिसतोय."

दादाची पाळी आली. पेटी आणि खोकं काट्यावर ठेवलं. बावीसच्या आसपास भरलं. तरुणाने आकडा पाहिला, दादाकडे पाहिलं, आणि पेन उचललं. मला आजही वाटतं की त्याने ते दोन किलो सोडले असते. तेवढ्यात दादा तिकीट घ्यायला पुढे वाकला आणि कोटातली हातोडी काउंटरच्या लाकडावर आपटली.

"कोट में क्या है?"

दादाने खिशावर हात ठेवला.

"उतारो."

दादाने कोट काढला. तो एका हाताने धरता येईना, बाबांनी दुसऱ्या बाजूने धरला. मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मी पुढे झाले आणि इंग्रजीत म्हणाले, "ओव्हरकोट फुकट आहे. तुमच्या ऑफिसने मला लिहून दिलंय." तो कागद मी बरोबर आणला होता. मी तो काउंटरवर ठेवला.

त्याने कागद वाचला. मग तो माझ्याशी मराठीत बोलला. "ताई, कोट फुकट आहे. लोखंड नाही."

कोट काट्यावर गेला. काय भरलं ते मी सांगू शकते, पण त्याने काय फरक पडतो? दहा किलो कमी करा, नाहीतर त्या खिडकीवर पैसे भरा, असं तो म्हणाला. एका किलोचा आकार त्याने सांगितला तेव्हा बाबांनी खिशाकडे हातसुद्धा नेला नाही.

आम्ही बाजूला झालो. मी म्हटलं, "दादा, पेटी ठेव. पेटीच पाच किलो आहे. चादरीत सगळं बांध, हत्यारं बरीचशी जातील."

तो खाली बसला होता. त्याने मान वर करून पाहिलं. "गाठोडं घेऊन जाऊ? विमानात?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा एक शब्द बोलले असते तर दादाने पेटी सोडली असती. बाबा फरशीकडे बघत राहिले. मी खोक्याबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर दादा म्हणाला, "तू आता गप्प बस. झालं तेवढं पुरे."

एजंटचा माणूस जवळ येऊन म्हणाला, "उधर औजार कंपनी देती है, फिकर मत कर." दादाने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने आधी आईचं खाणं काढलं. मग हत्यारं काढली, एकेक करून. कानशी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळल्या, एकमेकींवर घासू नयेत म्हणून, आणि माझ्या हातात दिल्या. "ओल लागू देऊ नकोस," एवढंच बोलला. मग 'फिटर' लिहिलेली पेटी आणि एजंटचं खोकं काट्यावर चढलं. तरुणाने चिठ्ठ्या बांधल्या. एजंटच्या माणसाने दादाच्या हातात पासपोर्ट दिला. दादा आत गेला. त्याने वळून पाहिलं असेल, मला दिसलं नाही, मी फरशीवरची हातोडी कोटात भरत होते.

परत येताना मेटॅडोर नव्हती. आम्ही बसने आलो. बाबांच्या मांडीवर तो कोट होता. ठाणं आलं तेव्हा त्यांनी कोटाची घडी घातली. मग म्हणाले, "माझ्या बापाने वाहिलं ते दुसऱ्याचंच होतं. ह्यानेही दुसऱ्याचंच नेलं." त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्यासमोर कधी काढला नाही.

आईने हत्यारं पाहिली, भाकऱ्यांचं गाठोडं पाहिलं. काय झालं ते मी सांगितलं. ती म्हणाली, "तुजा वाचन नडला. कोट नसता तर त्यानी सोडला असता." मी तिला कधी उलट उत्तर दिलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

दीड महिन्याने दादाचं पत्र आलं. तिथे उतरल्यावर दोन दिवसांनी कामाची परीक्षा झाली. प्रत्येकाने आपापल्या हत्यारांनी काम करून दाखवायचं होतं. दादाने दुसऱ्याकडे पाना मागितला, कुणी दिला नाही, नवख्याला कोण देईल? साहेबाने विचारलं, फिटर आणि हत्यारं नाहीत? त्याचं नाव खोडून हेल्परच्या यादीत घातलं आणि पगार जवळजवळ अर्धा केला. सामान उचलायचं, वाळू ओढायची. कंपनी हत्यारं देते, पण फिटरला. खोक्याबद्दलही त्याने लिहिलं होतं. ते न्यायला कुणी आलं नाही. महिनाभर खाटेखाली पडून होतं, शेवटी सगळ्यांनी मिळून फोडलं. आत एजंटची नव्या वर्षाची कॅलेंडरं होती, वर विमानाचं चित्र आणि खाली त्याच्या ऑफिसचा पत्ता. कामगारांच्या खोल्यांतून टांगायला पाठवलेली.

हे पत्र मी आईला वाचून दाखवलं. आईला वाचता येत नव्हतं. बाबांना थोडंफार यायचं, पण ते म्हणायचे, तूच वाच. मी परीक्षेची गोष्ट वाचली नाही. हेल्पर हा शब्द आला तिथे फिटर वाचलं. कॅलेंडरांचंही गाळलं. पगार कमी का येतो, याला मी सांगितलं की सुरुवातीला खाण्याराहण्याचे कापतात. पहिल्यांदा खोटं वाचताना जीभ अडखळली. नंतर दोन वर्षं मी सरळ वाचत गेले. कधीकधी दादाने न लिहिलेलंही वाचायचे, साहेब खूश आहे, नवीन मशीन आलंय. आई ते चाळीत सांगायची, पडघ्याकडे माहेरी गेली की तिथेही सांगायची.

दोन वर्षांनी दादा सुट्टीवर आला. काळा पडला होता आणि डाव्या हाताचं एक बोट सरळ होत नव्हतं. बायका भेटायला आल्या तेव्हा आई दारातच म्हणाली, "आमचा फिटर आला. साहेब त्याच्याबिगर मशिन चालू करत न्हाय." दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळायला एक क्षण लागला.

संध्याकाळी गच्चीच्या जिन्यावर तो मला म्हणाला, "मी सगळं खरं लिहीत होतो. एवढ्यासाठी की निदान घरात तरी कुणाला माहीत असावं. तू तेही काढून घेतलंस."

"आईला सहन झालं नसतं."

"आईला झालं असतं. तुला झालं नाही."

मी विचारलं, "त्या दिवशी कोट नसता, तर तुझं सामान सुटलं असतं का?" दोन वर्षं हा प्रश्न मी मनात घेऊन होते. तो जिन्यावरून उठला. मग म्हणाला, "सुटलं असतं." त्याने मला बरं वाटावं म्हणून काही वेगळं सांगितलं नाही.

मी हत्यारं दर महिन्याला तेल लावून पुसत होते. एकाही कानशीवर गंज नव्हता. त्याने ती पाहिली, एक कानस बोटाने तपासली आणि परत ठेवली. नव्या करारासाठी तो पुन्हा त्याच एजंटकडे गेला. दुसरीकडे कुठे जाणार? नवीन कागद मी वाचला. मागच्या नोकरीचा दाखला जोडायचा होता आणि दाखल्यावर हेल्पर होतं, म्हणून करारातही हेल्परच आलं. मी म्हटलं, ह्या वेळी वजनात जागा आहे, हत्यारं ने, तिथे दाखव. तो म्हणाला, "हेल्परने हत्यारं नेली तर चोरीची म्हणतात."

जायच्या आठवडाभर आधी त्याने सगळी हत्यारं कोन गावच्या एका गॅरेजवाल्याला देऊन टाकली. ह्या वेळी विमानतळावर आम्ही कुणी गेलो नाही. पेटी त्याने घरीच ठेवली होती, रेक्झिनची बॅग नेली. एजंटच्या माणसाने त्याच्याजवळ दोन खोकी दिली, असं नंतर पत्रात आलं. ते पत्र मी बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून, ओळीवर बोट फिरवत ते सगळं वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. आईने विचारलं, "काय लिवलाय?"

बाबा म्हणाले, "बरा आहे. काम चांगलं चाललंय."